तेराचा पंखा, अकराचा पंखा

लग्न होऊन मी हर्ण्याहून रत्नागिरीला आले ते अठ्ठ्याण्णव साल. माहेरी वडिलांचा लाकडी मचवा होता, डिझेल इंजिनाचा. त्याचा धडधडाट मचवा दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायचा आणि आई टोपल्या उचलून किनाऱ्यावर उतरायची. मचवा जोरात पळावा असं कुणाच्या मनातही नसे. संध्याकाळच्या लिलावाआधी तो किनाऱ्याला लागला म्हणजे झालं. त्यामुळे सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन भाऊ खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात बसून कुणाची होडी जास्त पळते यावरून हुज्जत घालताना पाहिले, तेव्हा मला गंमतच वाटली.

हे दोघे म्हणजे माझा नवरा आणि त्याचा थोरला चुलतभाऊ, माझे भाऊजी. घरं एकाला एक लागून, खळं एकच, आणि समोर भाट्याची खाडी. दोघांकडे फायबरच्या होड्या होत्या, जवळजवळ एकाच साच्यातून काढलेल्या. मागच्या फळीवर चाळीस हॉर्सपॉवरचं मशीन लटकवलेलं. होडीच्या पोटात इंजिन नाही, सगळं मागे बाहेर, पंख्यासकट. असल्या मशीनची होडी रिकामी असली की पाणी कापत जात नाही, पाण्यावर चढते आणि तरंगत पळते. मचव्यात वाढलेली मी पहिल्यांदा त्यात बसले तेव्हा दोन्ही हातांनी काठ धरून ठेवला होता. दुसऱ्यांदा मजा वाटली.

वेगाचं वेड नुसतं हौसेपोटी नव्हतं. दोघेही सुरमईच्या गळावर जायचे, पूर्णगडाच्या समोर खोल पाण्यात. सकाळी पकडलेली सुरमई मिरकरवाड्याच्या बंदरावर जो आधी पोचवेल त्याच्याभोवती व्यापारी जमत. उशिरा पोचणाऱ्याचा मासा तेवढाच ताजा असला तरी तोवर गिऱ्हाईक निवांत झालेलं असे. पण हे कारण खरं असलं तरी पुरं नव्हतं. लिलाव नसलेल्या दिवशीही ते दोघे शर्यत लावायचेच.

नवरा आधी लोट्याला एका रसायनांच्या कारखान्यात फिटर होता. पाळ्या करून आणि तिथल्या वासाला कंटाळून नोकरी सोडून घरी आला आणि वडिलांच्या जागी समुद्रावर जाऊ लागला. पण फिटरपण त्याच्या अंगातून गेलं नव्हतं. कुठलीही गोष्ट त्याला करून, मोजून, पुन्हा करून बघायची असे. भाऊजींचं उलट. ते जन्मात कधी समुद्र सोडून कुठे गेले नव्हते. अंगानं दांडगे, आवाज मोठा, आणि जे ठरवलं ते ठरवलं. माझ्याशी ते फारसं बोलत नसत. धाकट्या भावाची बायको, तेव्हा तशी रीतही होती.

आमच्या होडीवरचा खलाशी दुसऱ्या वर्षी ट्रॉलरवर कामाला लागला. नवीन माणूस मिळेना. एका सकाळी नवरा मला म्हणाला, "तू येशील? हर्ण्याची आहेस, पाण्याला काय भितेस."

मी म्हटलं, "येते. पण उलटी झाली तर हसायचं नाही."

सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरात नको म्हणणारं कुणी नव्हतं. बाहेर पुष्कळ होते. त्यात पहिल्या माझ्या जाऊबाई, भाऊजींची बायको. मी पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून निघाले की त्या पायरीवरून म्हणायच्या, "घरातली कामं उरकली वाटतं सगळी." मी "हो" म्हणायचे आणि चालू लागायचे. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढायला आमच्याकडच्या बायका होडी वल्हवत जातात, त्याला कुणी नावं ठेवत नाही. खाडीचं तोंड ओलांडून बाहेर जाणं मात्र वेगळं धरतात.

मशीन घेतलं तेव्हा त्याबरोबर आलेला पंखा अॅल्युमिनियमचा होता, तीन पात्यांचा, अकरा पिचचा. पिच म्हणजे काय ते नवऱ्यानं मला स्क्रू दाखवून समजावलं. लाकडात स्क्रू एक फेरा फिरवला की तो ठरावीक अंतर आत जातो. पंखाही तसाच पाण्यात पुढे जातो. अकरा पिचचा पंखा एका फेऱ्यात अकरा इंच, तेराचा तेरा इंच. पाणी म्हणजे लाकूड नव्हे, त्यामुळे थोडं घसरतं, पण हिशोब असा.

"मग तेराचाच लावायचा," मी म्हटलं.

"सायकलचा मोठा गियर टाकून घाटी चढून बघ," तो म्हणाला.

तरीही त्यानं मिरकरवाड्यातल्या मिस्त्रीकडून तेराचा पंखा आणलाच. माझा भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्यानं एका सुट्टीत हातात मावणारा जीपीएस आणून दिला. तो खरं तर मासे लागायची जागा पुन्हा सापडावी म्हणून होता, पण त्यावर वेगही दिसायचा. मग आमच्या चाचण्या सुरू झाल्या. सकाळी वारा पडलेला असताना भाट्याच्या टोकापासून मांडवीच्या जेटीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, म्हणजे एकदा भरतीबरोबर आणि एकदा भरतीच्या अंगावर. नवरा नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बसून जीपीएस बघायचा आणि मशीन मी चालवायचे. कारण साधं होतं, मी हलकी. मागे वजन कमी असलं की होडी लवकर चढते आणि सपाट पळते. पहिल्यांदा आम्ही जागा बदलून पाहिल्या तेव्हा आकडा एका नॉटच्या आसपास वाढला, म्हणजे ताशी दोनेक किलोमीटर. त्या दिवसापासून मशीनचा दांडा माझ्याकडे आला तो आलाच.

रिकाम्या होडीला तेराचा पंखा चांगलाच मानवला. चोवीस नॉटच्या पुढे आकडा जायचा. अकराचा लावला की एकवीसच्या वर काही केल्या जात नसे, मशीन नुसतं किंचाळायचं. पण होडीत बर्फ, पेट्रोलचे कॅन आणि मासे भरले की चित्र उलटं व्हायचं. तेराच्या पंख्यावर मशीन दमायचं, होडीची नाळ आभाळाकडे व्हायची आणि ती कितीतरी वेळ तशीच रांगत राहायची. अकराचा पंखा मात्र भरल्या होडीला शांतपणे उचलायचा. नवऱ्यानं तोडगा काढला. एक पंखा लावायचा आणि दुसरा होडीत ठेवायचा. बदलायचं काम मी शिकले, कारण चाचण्यांच्या वेळी ते सारखं करावं लागे. मशीन तिरकं करून वर उचलायचं, पिन सरळ करून ओढायची, नट सोडवायचा, वॉशर काढायचं, पंखा ओढायचा, दुसरा घालायचा. वाळूवर उभं राहून करायला सोपं काम. नवरा बाजूला उभा राहून सूचना द्यायचा आणि त्याच्या सूचना मला आवडायच्या नाहीत.

आमचा आकडा भाऊजींच्या कानावर गेल्यावर आठवड्याभरात ते गोव्याहून स्टेनलेस स्टीलचा पंखा घेऊन आले. खळ्यात वर्तमानपत्रावर ठेवून त्यांनी तो सगळ्यांना दाखवला. आरशासारखा चकचकीत, पाती पातळ. अॅल्युमिनियमचं पातं जाड ठेवावं लागतं, जोर पडला की ते वाकतं. स्टील पातळ असलं तरी वाकत नाही, म्हणून पाणी चांगलं कापतं. हे त्यांना दुकानदारानं सांगितलं होतं आणि ते खरं होतं. त्या रविवारी भाट्यावरून सुटलो तेव्हा आम्ही पुढे होतो. मांडवीला पोचलो तेव्हा ते जेटीला टेकून उभे होते.

"बाईला बसवून पण भागला नाय," ते नवऱ्याला म्हणाले. माझ्याकडे न बघता.

नवरा म्हणाला, "भरून बघूया एकदा. दोन्ही होड्यांत सारखा बर्फ टाकून."

"शर्यत रिकामीच असते," भाऊजी म्हणाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की पात्यांच्या कडा घासल्या तर अजून अर्धा नॉट मिळतो. मिस्त्रीनं त्यांना माझ्यासमोर सांगितलं, "घासू नका. आहे तेवढी धार बस आहे. सुरी कराल त्याची." भाऊजींनी घरी कानस घेऊन कडा घासल्या. खळ्यात दोन दिवस तो आवाज येत होता. अर्धा नॉट मिळाला की नाही ते माहीत नाही. मिळाला असं ते सांगायचे.

पुढच्या शिमग्याच्या अगोदरची गोष्ट. आम्ही दोन्ही होड्या पूर्णगडासमोर गळाला होतो. भाऊजींबरोबर त्यांचे दोन खलाशी होते. सुरमई चांगली लागली होती आणि उन्हं वर यायच्या आत दोघांनीही गळ गुंडाळले. सकाळी जाताना आम्ही तेराचा पंखा लावला होता, कारण जाताना शर्यत लागणार हे ठरलेलंच होतं. परतताना खरं तर तो बदलायला हवा होता. पण मासे होते तरी होडी काठापर्यंत भरलेली नव्हती, हळूहळू का होईना चढली, आणि नवरा म्हणाला, "राहू दे, जाईल." मीही होडी तशीच हाकली.

भाऊजी आमच्या अंगावरून पुढे गेले. जाताना त्यांनी हात वर केला. त्यांची होडी लहान लहान होत गेली आणि मग लहान व्हायची थांबली. सुरुवातीला मला कळलं नाही. नवरा म्हणाला, "थांबली का गं ती?" थोड्या वेळानं त्या होडीत एकजण उभा राहून शर्ट फिरवताना दिसला.

जवळ गेलो तर प्रकार असा झाला होता. कुठल्यातरी ट्रॉलरचं तुटलेलं जाळं दोरासकट पाण्याखाली तरंगत होतं. पूर्ण वेगात पंख्यानं तो दोर धरला आणि स्वतःभोवती गुंडाळला. मशीन एका झटक्यात अडकलं. त्या हिसक्यानं मशीन ज्या फळीवर बसवलेलं असतं ती मागची फळी एका बाजूनं फाटली आणि पाणी आत यायला लागलं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण भाऊजींनी मशीन वर उचललं, एका हातानं पंखा धरला आणि दुसऱ्या हातातल्या कोयतीनं दोर कापायला लागले. मागून लाट आली, फाटलेल्या फळीवर मशीन डगमगलं आणि वर अडकवलेलं ते धाडकन खाली सुटलं. घासलेलं पातं त्यांच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूनं फिरलं.

आम्ही पोचलो तेव्हा ते होडीत बसले होते आणि एका खलाशानं त्यांचा हात पंचानं आवळून धरला होता. पंचा कुठल्या रंगाचा होता ते सांगता येत नव्हतं. भाऊजी शुद्धीवर होते, पण त्यांचा आवाज बसला होता. मी त्यांना इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

नवरा म्हणाला, "या इकडे सगळे. आधी दादाला घ्या."

"मशीन काढ आधी," भाऊजी म्हणाले.

"दादा, मशीन मरू दे."

"फळी फाटतेय. मशीन हाय तोवर होडी खाली ओढणार. मशीन काढलंस तर होडी तरंगेल. दोन्ही वाचेल."

ते बरोबर बोलत होते. नवऱ्यानं आणि खलाशांनी मिळून मशीनचे बोल्ट सोडवले आणि ते वजनदार धूड आमच्या होडीत ओढून घेतलं. मी भाऊजींना आत घेऊन मधल्या आडव्या फळीला टेकवून बसवलं आणि त्यांचा हात त्या फळीवर उंच ठेवला. एका खलाशानं त्यांच्या रिकाम्या होडीला नांगर टाकला. अर्धी पाण्यानं भरलेली ती होडी तशीच हलत राहिली, बुडाली नाही.

आता आमच्या होडीत पाच माणसं, एक जादा मशीन, बर्फ आणि सुरमया. मी दांड्याची मूठ पूर्ण पिळली. मशीन गुरगुरलं, नाळ वर उठली आणि होडी चढेना. जीपीएसवर सात दिसायचे, आठ दिसायचे, पुन्हा सात. समोर नाळेशिवाय काही दिसत नव्हतं. नवऱ्यानं माणसांना पुढे सरकवलं. मग बर्फ फेकला. मग त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सुरमया फेकायला लागला. खलाशीही फेकायला लागले. नऊ झाले. त्याच्या वर काही जाईना. मशीनचा आवाज असा येत होता की ते कधीही बंद पडेल.

मी म्हटलं, "अहो, पंखा बदलूया."

"इथं? मशीन बंद करून? लाट आहे मागून."

"असं रांगत गेलो तर केव्हा पोचणार?"

तो भाऊजींकडे बघत राहिला. भाऊजींचे ओठ पांढरे पडायला लागले होते. ते म्हणाले, "तिचं ऐक."

खलाशांनी वल्ही घेतली आणि नाळ लाटेकडे वळवून धरली. मशीन बंद केल्यावर इतकं शांत झालं की पंच्यातून गळणाऱ्या थेंबांचा आवाज होडीत ऐकू येत होता. नवरा मागच्या फळीवरून बाहेर वाकायला गेला आणि त्याच्या वजनानं फळी पाण्याला टेकली. पुढची लाट त्याच्या छातीवरून आत आली. तो मागे सरला. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि त्याच्या जागी जाऊन पोटावर पालथी झाले. त्यानं माझे दोन्ही पाय घट्ट धरले.

पिन निघाली. पान्याला मी दोरी बांधून घेतली होती, ती मनगटात अडकवली होती म्हणून बरं, कारण पाना दोनदा हातातून सुटला. नट सुटला, तो मी मागे नवऱ्याच्या हातात दिला. तेराचा पंखा ओढला तो येईना. मीठ बसलेलं. होडी वर जायची तेव्हा पंखा माझ्या तोंडासमोर असायचा आणि खाली यायची तेव्हा मी खांद्यापर्यंत पाण्यात. तोंडात खारं पाणी, नाकात पेट्रोलचा वास. माझ्या मनात एकच विचार होता की वॉशर पडता कामा नये. बाकी काही आठवत नाही. पंखा एकदम निघाला आणि मी तो घेऊन पाण्यातच गेले असते. नवऱ्यानं मला ओढलं. अकराचा पंखा सरळ बसला, तो रोजचाच होता. नट आवळला आणि पिन घालताना ती ओल्या बोटांतून सुटली आणि गेली.

"पिन गेली," मी म्हटलं.

"दुसरी आहे डब्यात," नवरा म्हणाला. डबा उघडला तर नव्हती.

एका खलाशानं सुरमईच्या गळाची तार तोडून पुढे केली. सुरमई दातानं दोर तोडते म्हणून गळाला वर तार लावतात, ती. मी ती भोकातून दोनदा फिरवून पिळून घातली. मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं नाही. दुसऱ्या ओढीला झालं.

नाळ वर उठली आणि या वेळी खाली आली. होडी चढली. भरल्या होडीनं पंधरा-सोळा नॉट धरले आणि ती ते मांडवीच्या जेटीपर्यंत सोडेना. चाचणीच्या वेळी हाच आकडा दिसला असता तर आम्ही नाक मुरडलं असतं. वाटेत एकदा भाऊजींनी डोळे उघडून विचारलं, "सुरमया टाकल्यात का सगळ्या?" नवरा "हो" म्हणाला. त्यांनी डोळे मिटले.

जेटीवर माणसं होतीच. रिक्षा मिळाली. नवरा त्यांना घेऊन सिव्हिल हॉस्पिटलला गेला आणि मी ओल्या कपड्यांनी घरी जाऊन जाऊबाईंना सांगितलं. त्या पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवलं, उठल्या, घरात जाऊन साडी बदलून आल्या आणि म्हणाल्या, "चल." रिक्षात त्यांनी माझा हात धरला तो हॉस्पिटलात पोचेपर्यंत सोडला नाही. माझ्या हाताला ग्रीस लागलेलं होतं, ते त्यांच्या साडीला लागलं. मला ते दिसत होतं आणि हात काढून घ्यावासा वाटत नव्हता.

भाऊजी वाचले. रक्त पुष्कळ गेलं होतं, बाटल्या चढवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या ट्रॉलरनं त्यांची होडी ओढून आणली. नवी मागची फळी बसवून झाली तेव्हा भाऊजींचे टाकेही निघाले होते. पण मनगटातली शीर जोडली तरी दोन बोटं पुरती मिटेनात. पकड राहिली नाही. मशीनचा दांडा डाव्या हातानं धरतात आणि त्याची मूठ स्कूटरसारखी पिळली की वेग वाढतो. भाऊजींना मूठ पिळता येईना. उजव्या हातानं करून पाहिलं, तर अंग पिळून बसावं लागे आणि लाटेत दांडा हातात राहीना. दोन्ही खलाशी तोवर दुसरीकडे लागले होते. होडी खाडीत बांधून पडली. भाऊजी खळ्यात बसून राहायला लागले. मोठ्यानं बोलणारा माणूस गप्प झाला की घर फार मोठं वाटायला लागतं, असं जाऊबाई एकदा मला म्हणाल्या.

स्टीलचा पंखा दोर कापून काढला तो नवऱ्यानं गोणपाटात गुंडाळून आमच्या पडवीत ठेवला होता. भाऊजींनी त्याची चौकशी केली नाही. पावसाळ्यानंतर मिस्त्री आला आणि कुणा गिऱ्हाइकासाठी घेऊन गेला.

नारळीपौर्णिमा झाल्यावर एका सकाळी मी होडी धुवत होते. जाऊबाई खाली वाळूवर आल्या.

"कठीण असतं काय गो ते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मशीन धरणं."

मी म्हटलं, "तवा उचलता तेवढं. पण दोन दिवस दंड दुखतील."

"मग मला शिकव. त्यांना विचारलंय."

"काय म्हणाले?"

"उठून गळ बघायला गेले."

खाडीतच शिकवलं त्यांना, आतल्या शांत पाण्यात. पहिल्या दिवशी त्यांनी मूठ अशी पिळली की मी नाळेतून मधल्या फळीवर आपटले. दुसऱ्या दिवशी त्या जपून इतक्या हळू गेल्या की ओहोटीनं आम्हाला मागे नेलं. हळूहळू हात बसला. दांडा एका बाजूला ढकलला की होडी दुसऱ्या बाजूला वळते, हे त्यांच्या हाताला पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पंखा कुठला लावायचा यावर दोघा भावांमध्ये पुन्हा खळ्यात चर्चा झाली. नवरा बाराचा म्हणत होता, मधला मार्ग. भाऊजी तेराच्या खाली यायला तयार नव्हते. जाऊबाईंनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "अकराचा लावा. मला शर्यत नाय लावायची, मासे आणायचेत." मग चर्चा संपली.

त्या आश्विनात पहिल्यांदा त्या खाडीच्या तोंडाबाहेर गेल्या, तेव्हा आमची होडी त्यांच्या बाजूला ठेवून आम्ही गेलो. भाऊजी नाळेत बसले होते, तोंड मागे करून, आणि सारखा हात हलवत होते, इकडे घे, तिकडे घे. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, तिथे ओहोटीला लाट फुटते. मला त्यांची काळजी वाटत होती. मी ओरडून सांगितलं की लाट आली की मूठ सोडू नका, जरा वाढवा.

जाऊबाईंनी लाट पार केली, होडी सपाट होऊन पळायला लागली, आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"तू तुझ्या होडीत बघ," त्या म्हणाल्या. "एक पुढे बसून बोलतोय तेवढा पुरे हाय."

भाऊजी हसले. मग त्यांनी हात खाली घेतला आणि पूर्णगडाच्या दिशेनं तोंड करून बसले.